डिफरन्शियलचे ऑइल : कधी बदलावे, का बदलावे

इंजिनचे ऑइल ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचे असते, हे आज गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलचीही अधूनमधून विचारपूस होते. परंतु मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याला आपले मिस्त्री लोक ‘हाउसिंग’ किंवा नुसते ‘क्राऊन’ म्हणतात, त्याच्या पोटातही ऑइल असते आणि तेही बदलावे लागते, याची आठवण बहुधा आवाज सुरू झाल्यावरच होते. तोपर्यंत उशीर झालेला असतो. दात एकदा खरवडले की चांगल्यात चांगले ऑइल टाकूनही ते पूर्वीसारखे होत नाहीत.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची रोजी गाडीवर आहे. कोणी भिवंडीहून कापडाचे तागे वाहतो, कोणी रत्नागिरीहून मासळी, कोणी भाजी, कोणी भंगार. कित्येकांची स्वतःची गॅरेजे आहेत, पार्टची दुकाने आहेत. पिकअप आठ दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही आणि गिऱ्हाईकही थांबत नाही. म्हणून या लहानशा विषयाची जरा मुळापासून माहिती करून घेणे फायद्याचे आहे.

डिफरन्शियल करते काय?

गाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. हिशोब सोपा आहे. दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटरपेक्षा थोडे जास्त, समजा १.३ मीटर असेल, तर गाडीने एक पूर्ण गोल फेरा घेतल्यावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ८ मीटर जास्त चालते. फेरा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक टायर घासत गेला असता किंवा एक्सल पिळवटला असता. हा फरक सांभाळण्यासाठी आत छोटे गिअर असतात. त्यांना कोणी स्टार गिअर म्हणतो, कोणी स्पायडर. सरळ रस्त्यावर ते आपापल्या जागी स्थिर असतात आणि सगळा पिंजरा एकत्र फिरतो. वळणावर ते फिरू लागतात आणि एका चाकाचा कमी झालेला वेग दुसऱ्याला देतात.

पण या गोळ्याचे दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. प्रोपेलर शाफ्ट लांबीच्या दिशेने फिरत येतो, चाके आडव्या एक्सलवर फिरतात. म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवायची, वेग कमी करायचा आणि त्या प्रमाणात जोर वाढवायचा. हे काम टेल पिनियन व क्राऊन व्हील यांची जोडी करते. पिनियनला ९ दात आणि क्राऊनला ४१ असतील, तर शाफ्टचे साडेचार फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. इंजिनाचा जोर पहिल्या गिअरमध्ये आधीच वाढलेला असतो. तो इथे पुन्हा साडेचारपट होतो आणि हे सारे ओझे एका वेळी दोन-तीन दातांवर येते.

या जोडीच्या दातांचीही एक गोष्ट आहे. जुन्या गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये मोटारीत हायपॉइड प्रकारचे गिअर आणले. यात पिनियन मध्यरेषेच्या खाली बसवतात. त्यामुळे शाफ्ट खाली येतो, गाडीची बैठक खाली घेता येते, पिनियन जाडजूड करता येतो आणि आवाजही कमी होतो. परंतु या फायद्यांची किंमत ऑइलला मोजावी लागते. साध्या गिअरचे दात एकमेकांवर बहुतांशी लोळतात. हायपॉइडचे दात लोळता लोळता लांबीच्या दिशेने घसरतातही. दात जिथे टेकतात तिथे दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या घरात जातो. इतक्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर टिकत नाही, तो पिळून बाहेर निघतो आणि लोखंड लोखंडाला भिडते.

म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. दात घासून जागा तापली की ही संयुगे तिथल्या पोलादाशी रासायनिक संयोग करून एक अतिशय पातळ पापुद्रा बनवतात. घासला जातो तो हा पापुद्रा, दात नव्हे. तो गेला की नवा तयार होतो. अर्थात या कामात संयुगे खर्च होत जातात. ऑइल दिसायला डब्यातून काढल्यासारखे असले तरी त्यातला मसाला संपलेला असू शकतो. गिअर ऑइलला जो उग्र, गंधकी वास येतो तो याच मसाल्याचा. तो वास म्हणजे ऑइल खराब झाले असे नव्हे. नव्या डब्यालाही तोच वास असतो. जळकट वास मात्र वेगळा, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

सर्वच गाड्यांत वेगळे डिफरन्शियल नसते

इथे एक खुलासा करणे जरूर आहे, कारण बिलांत याच ठिकाणी गोंधळ होतो. ज्या गाड्यांची पुढची चाके ओढतात, त्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि बहुतेक अशा गाड्यांत दोघांचे ऑइल एकच. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या सर्व अशा गाड्या. अल्टोच्या बिलात ‘गिअर ऑइल’ आणि ‘डिफरन्शियल ऑइल’ अशा दोन ओळी दिसल्या तर मालकाने खुशाल विचारावे की दुसरे ऑइल टाकले कुठे?

उलट अॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या होत्या. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीच्या धंद्यात पुढच्या चाकांच्या गाड्या आल्या आणि क्राऊन-पिनियनचे सेटिंग करणारे जुने कारागीर शहरात कमी झाले. पण काम संपलेले नाही. मारुती ओम्नी, टाटा सुमो, बोलेरो, बोलेरो पिकअप, टाटा एस, जुनी इनोव्हा व क्रिस्टा, सर्व ट्रक, बहुतेक बस या मागच्या चाकांवरच चालतात. ज्यांचा माल वाहण्याचा धंदा आहे त्यांच्या दारात अशीच गाडी असते. चारही चाकांवर चालणाऱ्या थारसारख्या गाडीला पुढेही एक डिफरन्शियल असते आणि मध्ये ट्रान्सफर केस. म्हणजे पाहायच्या जागा तीन. इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिन नाही म्हणून तेथे ऑइलच नाही असा समज पसरला आहे, तोही बरोबर नाही. मोटारीचा वेग उतरवणारे गिअर आणि डिफरन्शियल त्यांतही असते आणि त्यालाही ऑइल लागते.

‘नव्वद नंबर’चा गैरसमज

दुकानावर गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, “नव्वद नंबर द्या.” दुकानदार देतो. दोघांनाही वाटते व्यवहार पूर्ण झाला. खरे तर अर्धीच माहिती सांगितली गेली.

नव्वद हा आकडा फक्त ऑइलच्या जाडीचा आहे. त्यातही गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे ही दोन वेगळी मापे आहेत, जसे कापडाचे वार आणि मीटर. गरम असताना नव्वद नंबरचे गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच जाड असते. “इंजिनच्या चाळीसपेक्षा हे दुप्पट जाड” असे समजून दोन्ही मिसळून आपल्या मनाचे ऑइल बनवणारे काही लोक आहेत. त्या मिश्रणाला काही अर्थ नाही.

दुसरी माहिती म्हणजे जात. डब्यावर ‘एपीआय जीएल-४’ किंवा ‘एपीआय जीएल-५’ असे लिहिलेले असते. जीएल-५ हायपॉइड डिफरन्शियलसाठी आहे, त्यात गंधक-फॉस्फरसचा मसाला जीएल-४ च्या मानाने जवळजवळ दुप्पट असतो. जीएल-४ मुख्यतः गिअरबॉक्ससाठी. नव्वद नंबर दोन्ही जातींत मिळतो आणि सगळी गफलत इथेच होते. डिफरन्शियलमध्ये जीएल-४ टाकले तर दातांचे रक्षण अपुरे पडते. ते लगेच कळत नाही, घाटात माल भरून दोन-चार महिने चालल्यावर कळते. आणि गिअरबॉक्समध्ये जीएल-५ टाकले तर त्यातले गंधक आतल्या पितळी रिंगांना खाऊ शकते. शिवाय त्या रिंगांना जी थोडी पकड लागते तीही सुटते आणि गिअर बदलताना कुरकुर होते. काही कंपन्या दोन्ही जागी एकच ऑइल सांगतात, तेव्हा त्यांनी त्याप्रमाणे धातू आणि ऑइल निवडलेले असते. आपण आपल्या मनाने ‘एकच डबा दोन्हीकडे’ करू नये. गाडीबरोबर आलेले पुस्तक पाहावे. पुस्तक हरवले असेल तर त्याच मॉडेलच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. अशी माहिती कोणी नाकारत नाही.

८०-डब्ल्यू-९० म्हणजे थंडीत पातळ राहणारे आणि गरम झाल्यावर नव्वदचे काम करणारे ऑइल. ८५-डब्ल्यू-१४० त्याहून जाड, जड वाहनांसाठी. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून छोट्या पिकअपलाही १४० टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कंपनीने सांगितले नसेल तर याचा फायदा नाही. जाड ऑइल ढवळण्यात जोर खर्च होतो, उष्णता वाढते, डिझेल जास्त लागते आणि पिनियनच्या बेअरिंगपर्यंत ते उशिरा पोहोचते. तिथे पंप नसतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. क्राऊन ऑइलमध्ये बुडून फिरतो आणि ऑइल वर उडवतो. त्या उडालेल्या ऑइलवर वरची बेअरिंगे जगतात. म्हणूनच पातळी कमी झाली की पहिला बळी पिनियनच्या बेअरिंगचा जातो.

कधी बदलावे?

याचे एका आकड्यात उत्तर देणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही.

नवी गाडी किंवा नवी बसवलेली क्राऊन-पिनियनची जोडी असेल, तर पहिला बदल लवकर. नवे दात एकमेकांवर बसताना त्यांची बारीक पूड निघते आणि ती ऑइलमध्येच फिरत राहून बेअरिंगमध्ये जाते. म्हणून बऱ्याच व्यापारी वाहनांच्या पुस्तकात पहिल्या एक-दोन सर्व्हिसमध्येच हे ऑइल बदलायला सांगितलेले असते. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे पडतात. ते वाचवण्यासाठी “राहू द्या” म्हणणारे मालक पुष्कळ आहेत.

त्यानंतर हलक्या वापराच्या गाडीला ४०-५० हजार किलोमीटर हा ढोबळ हिशोब चालतो. काही नव्या गाड्यांत चांगल्या प्रतीच्या सिंथेटिक ऑइलमुळे मुदत त्याहून जास्त दिलेली असते. काही कंपन्या तर ‘आयुष्यभराचे ऑइल’ म्हणतात. त्या आयुष्यात कंपनीने सामान्य वापर धरलेला असतो. एक टनाच्या गाडीत दीड टन भरून कशेडी किंवा कसारा चढणे हा सामान्य वापर नव्हे.

माझ्या मते मालवाहू गाडीच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत : वजन, उष्णता आणि पाणी. वजन वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की उष्णता वाढते. ऑइल नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापू लागले तर त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा तेल क्षेत्रातील तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हा जो नेहमी भरगच्च माल नेतो, घाट चढतो, त्याने पुस्तकातील मुदत अर्धी समजावी. गाडी कमी चालत असली तरी दोन-तीन वर्षांत ऑइल बदलणे बरे, कारण हवेतला दमटपणा उभ्या गाडीतही आत जातच असतो.

पाणी : कोकणातला आणि शहरातलाही प्रश्न

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागात डिफरन्शियलचा सर्वात मोठा शत्रू हाच आहे.

हाउसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतील हवा तापून फुगली की ती या वाटेने बाहेर पडते, थंड झाली की पुन्हा आत येते. आता समजा, गाडी घाट उतरून आली आहे, हाउसिंग हात लावता येणार नाही इतके तापले आहे आणि ते एकदम साचलेल्या पाण्यात शिरले. आतली हवा झटक्यात आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठाजवळून पाणी आत ओढले जाते. पाणी फार खोल असण्याचीही गरज नाही.

ऑइलमध्ये पाणी ढवळले गेले की ते दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते. अशा ऑइलचा थर दातांवर धरत नाही आणि गाडी उभी असताना बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे टिपके पडतात. पुढे त्या टिपक्यांचे खड्डे होतात, मग घरघर सुरू होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला. अशा प्रत्येक वेळी हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पुरानंतर लोक इंजिन उघडतात, वायरिंग सुकवतात, सीट धुतात. डिफरन्शियल विसरले जाते आणि सहा महिन्यांनी मालक म्हणतो, “क्राऊन आपोआप गेला.”

पाण्यात बुडालेली गाडी ओढून आणल्यावर ती चालवण्याआधीच एक काम करावे. गाडी रात्रभर स्थिर राहू द्यावी आणि सकाळी खालचा ड्रेन प्लग अगदी हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले असते. आत पाणी असेल तर आधी तेच थेंब-थेंब येईल. आले तर सगळे ऑइल काढून टाकावे, योग्य जातीचे ऑइल भरावे, दोन-तीनशे किलोमीटर चालवून तेही काढावे आणि पुन्हा नवे भरावे. पहिल्या वेळी महागडे सिंथेटिक कशाला, त्याच जातीचे व त्याच नंबरचे साधे चालेल. पण दोन वेळा बदल आवश्यक आहे, कारण एक्सलच्या नळ्यांत व कोपऱ्यांत राहिलेले पाणी पहिल्या फेरीत पूर्ण निघत नाही.

मासळीच्या गाड्यांना पुराची वाट पाहावी लागत नाही. बर्फ वितळून मिठाचे पाणी फळ्यांतून रोज एक्सलवर गळत असते. त्यामुळे ब्रीदरची टोपी गंजून जाम होते आणि प्लगही असा धरतो की पाना घसरतो. अशा गाडीचा ब्रीदर प्रत्येक सर्व्हिसला साफ करावा आणि शक्य असेल तर रबरी नळी जोडून तो चॅसीवर उंच न्यावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, फिलर प्लग उघडून ऑइलचा रंग पाहणे हा तर सर्वच मालवाहू गाड्यांचा नियम असावा.

ब्रीदर बंद झाला तर उलटाही त्रास होतो. आतला दाब बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग तो सीलमधून ऑइल ढकलतो. काही गॅरेजांत एकाच गाडीचे पिनियन सील वर्षात तीनदा बदललेले मी पाहिले आहे. सील खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडणही होते. ब्रीदरमधील मातीचा बोळा कोणी पाहत नाही. एक्सलच्या टोकाचे सील गळाले तर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, लायनर भिजतात आणि गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. त्या वेळी प्रश्न फक्त क्राऊनच्या खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो.

बदलताना

जाणत्या मिस्त्रींना यातले बरेच ठाऊक असेल, पण शिकाऊ मुलांसाठी लिहिणे भाग आहे.

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी म्हणजे ऑइल पातळ होते आणि मळासकट निघते. गाडी सपाट जमिनीवर किंवा खड्ड्यावर चारही चाकांवर उभी असावी. फक्त मागची बाजू जॅकवर उचलून पातळी पाहिली तर ती खोटी निघते. सर्वात आधी वरचा फिलर प्लग उघडावा, मगच खालचा ड्रेन प्लग. क्रम उलटा केला आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर ऑइल गेले आणि भरायला वाट नाही, अशी गाडी दारात अडकून बसते. प्लग चौकोनी खाचेचा असेल तर बरोबर मापाचा चौकोन घालावा. छिन्नी-हातोड्याने प्लगची खाच गोल करून ठेवणारे शागीर्द पुढच्या कारागिराचे नुकसान करतात.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तो नीट पाहावा. सुरम्यासारखी बारीक काळी पूड चिकटलेली असणे स्वाभाविक आहे. बोटांत चोळून कण टोचले तर बेअरिंग किंवा दात झिजत आहेत. सुटा तुकडा, दाताची कपची मिळाली तर ऑइल भरून गाडी सोडू नये. हाउसिंग उघडण्याची गोष्ट मालकाला तिथेच सांगावी आणि तो तुकडा त्याच्या हातात द्यावा.

आत रॉकेल किंवा डिझेल फिरवून धुण्याची पद्धत मला पसंत नाही. ते पूर्ण निथळत नाही आणि नवे ऑइल पातळ करते. गरम ऑइल निवांतपणे शेवटच्या थेंबापर्यंत गळू दिले की पुरे. वॉशर नवे घालावे. मग पिचकारीने किंवा नळीने ऑइल भरावे, फिलर प्लगच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे ते स्वतःहून बाहेर ओघळू लागेपर्यंत. कंपनीने पातळी कडेपेक्षा खाली सांगितली असेल तर तसे. ओम्नी, एससारख्या छोट्या गाडीला सव्वा ते दोन लिटर लागते, पिकअपला थोडे अधिक, जड ट्रकला कित्येक पट. “थोडे जास्त असू दे” म्हणून तोंड वर करून ऑइल कोंबणे चुकीचे. जास्त ऑइलचा फेस होतो, ते तापते आणि सीलमधून बाहेर येते. गाडी थोडी चालवून, दहा मिनिटे थांबून पातळी पुन्हा पाहावी, कारण ऑइल एक्सलच्या नळ्यांत पसरते.

पिनियनचे सील बदलायचे असेल तर पुढचा मोठा नट खोलण्यापूर्वी नट व शाफ्टवर खूण करून ठेवावी. ज्या गाड्यांत आत कोलॅप्सिबल स्पेसर असतो, त्यात नट मन मानेल तसा आवळला की बेअरिंग जास्त आवळले जाते आणि नवे सील टाकून आठ दिवसांत आवाज सुरू होतो.

आवाज काय सांगतो?

गाडी ओढत असताना, म्हणजे अॅक्सिलेटर दाबल्यावर वूं-वूं असा आवाज आणि सोडल्यावर तो बदलला वा बंद झाला, तर बहुधा क्राऊन-पिनियनचे दात. सतत घरघर असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंग. फक्त वळणावर कटकट झाली तर स्टार गिअर किंवा त्यांची पिन. गाडी उचलताना खट् असा एकच ठोका आला तर दातांमधील किंवा युनिव्हर्सल जॉइंटमधील ढिलाई; आधी जॉइंट पाहावा, तो स्वस्त आहे. मागचे टायर एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत असतील तर सरळ रस्त्यावरही स्टार गिअर अखंड फिरत राहतात. चिखलात एक चाक अडकून फिरत असताना जोरात रेस करणे त्याहून वाईट. ते चाक दुप्पट वेगाने फिरते आणि आतल्या पिनवर ऑइल टिकत नाही.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून बसवलेले असतात, म्हणून बदलायचे झाले तर जोडीनेच. कुर्ल्याच्या बाजारात जुना क्राऊन एका ठिकाणी आणि पिनियन दुसऱ्या ठिकाणी मिळतो, दातांची संख्याही जुळते. पण एका जोडीचे नसले तर आवाज जात नाही आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आवाज झाकण्यासाठी हाउसिंगमध्ये अतिजाड ऑइल, ग्रीस, काही वेळा चक्क लाकडाचा भुसा भरण्याची युक्ती जगभर जुनी आहे. ऐब झाकून विकलेला माल घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. सौदा करण्यापूर्वी फिलर प्लग उघडून बोट घालावे. दुधाळ, लापशीसारखे, कण असलेले किंवा बोटाला लागतच नाही इतके खाली गेलेले ऑइल, यातले काहीही आढळले तर भावात तेवढी तोड करावी किंवा सौदा सोडावा.

खर्चाचे म्हणाल तर छोट्या गाडीचे ऑइल काही शेकड्यांत येते. जोडी, बेअरिंगे, सील आणि सेटिंगची मजुरी मिळून हजारोंचे काम होते आणि गाडी उभी राहिल्याचे नुकसान वेगळे. गॅरेजवाल्यांनाही यात रास्त उत्पन्न आहे. हे काम दिसत नसल्यामुळे “बदलले” असे नुसते सांगून पैसे घेणारे निघतात आणि त्यामुळे सगळ्यांवरच संशय येतो. यावर उपाय साधा आहे : सीलबंद डबा गिऱ्हाईकासमोर फोडावा, निघालेले ऑइल पांढऱ्या डब्यात दाखवावे, बिलावर जात, नंबर, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहावा आणि हाउसिंगजवळ रंगाने तारीख टाकावी. ज्या गॅरेजात असे होते, तिथे टेम्पोवाले आपल्या भावाबंदांनाही घेऊन येतात.

सुटे, बॅरलमधून मापून मिळणारे ऑइल स्वस्त पडते, पण त्यात कोणती जात आहे हे ना विकणारा सांगू शकतो, ना घेणारा ओळखू शकतो. नामांकित कंपन्यांच्या डब्यात भेसळ भरून विकण्याचे प्रकारही होतात. म्हणून रिकामे डबे भंगारात देताना त्याला भोक पाडून द्यावे आणि झाकणाचे सील, बॅच नंबर पाहून पक्क्या बिलावरच माल घ्यावा.

राहता राहिले निघालेले ऑइल. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला ते नेणारे असतात, काही जण सरळ गटारात ओततात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. गॅरेजमध्ये एक झाकणाचे पिंप वेगळे ठेवावे, त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मिसळू नये. स्वच्छ ठेवलेल्या पिंपाला अशा व्यवसायाचे लोक पैसेही देतात.